गेटवरचा अर्धा तास

निवृत्त झाल्यावर माणूस बरंच विसरतो. गुन्हा रजिस्टरचे नंबर, कोर्टाच्या तारखा, वरिष्ठांची बोलणी, सगळं हळूहळू पुसट होत जातं. हे एक प्रकरण मात्र मला विसरता आलेलं नाही. नागपुरातल्या एका ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक असताना माझा एक हवालदार गेला. तो कसा गेला ते टोचतंच, पण तो गेल्यावर लोक त्याच्याविषयी जे बोलले ते जास्त टोचतं, कारण त्यात माझाही हात होता. नावं मी कोणाचीच देणार नाही. घडलं ते मात्र जसंच्या तसं सांगतो.

त्या हवालदाराला सगळे मास्तर म्हणायचे. शाळा-कॉलेजांत जाऊन अमली पदार्थांविरुद्ध जनजागृती करायचं काम त्याच्याकडे होतं. हे काम ठाण्यात कोणालाच नको असतं. बंदोबस्त टाळणाऱ्याच्या किंवा गुडघे दुखणाऱ्याच्या गळ्यात ते मारलं जातं. मास्तरनं ते मागून घेतलं होतं. मी एकदा विचारलं, "काय रे, तुला एवढी हौस कसली?" तर म्हणाला, "साहेब, आमच्या घरी रोज सकाळी पंचशील म्हनल्या जाते. पाचवं शील नशापाण्यापासून दूर राहाचं हाय. नुसतं म्हनून काय उपेग?"

त्याची पद्धत मात्र माझ्या पचनी पडत नव्हती. आमच्याकडे असा कार्यक्रम म्हणजे टेबलावर पुड्यांचे नमुने, भिंतीवर फोटो, कोणत्या पावडरला काय म्हणतात त्याचा तक्ता आणि शेवटी शपथ. मास्तर तक्ता नेतच नसे. "आपन पोट्ट्याइले दुकान दाखवून राहिलो साहेब," असं तो माझ्या तोंडावर म्हणाला होता. तो दहा मिनिटं बोलायचा आणि मग बाहेर येऊन आपल्या स्कूटरजवळ अर्धा तास उभा राहायचा. कोणी आलं तर बोलायचं, नाहीतर उभंच राहायचं. नाव विचारायचं नाही, कागद काढायचा नाही. हे कशाला म्हणून मी खेकसलो तेव्हा तो म्हणाला, "हालमधी दोनशे जनाइसमोर कोन सांगन, का माह्या घरी पुडी सापडली? गेटवर सांगते साहेब."

परत आल्यावर तो स्टेशन डायरीत इमानदारीनं लिहायचा: अमुक शाळेत व्याख्यान, गेटवर अर्धा तास, तीन पालक भेटले. एका वार्षिक तपासणीत वरिष्ठांनी ती ओळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि हसून विचारलं, ठाणं चालवता की सल्ला केंद्र? माझे कान लाल झाले. साहेब गेल्यावर मी मास्तरला केबिनमध्ये बोलावून झापलं. "गेटवरच्या गप्पा डायरीत लिहायच्या नाहीत. यापुढे एक ओळ दिसली तर बघ." तो "जी साहेब" म्हणाला, आणि त्यानं परत एकही ओळ लिहिली नाही.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, रिंग रोडवरच्या एका चहाच्या टपरीजवळ एका पांढऱ्या मोटारीनं मास्तरला उडवलं. मोटार थांबली नाही. मेडिकल हॉस्पिटलला पोचेपर्यंत तो गेला होता.

मी घटनास्थळी गेलो तेव्हा त्याची स्कूटर टपरीच्या आडोशाला स्टँडवर उभी होती. डिकी उघडली. आत रेनकोट, पाण्याची बाटली आणि एक छोटी स्टीलची डबी. डबीत प्लास्टिकच्या पन्नीची पुडी आणि पुडीत पांढरी पावडर. ती एमडी, म्हणजे मेफेड्रोन होती, हे वास घेतल्याबरोबर कळलं. आमच्याबरोबर आलेल्या फौजदारानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

आता हिशोब बघा. मास्तरची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. तो साध्या कपड्यांत होता. कुठं चाललो, कशाला चाललो, याची डायरीत नोंद नाही. आणि डिकीत माल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शहरातल्या प्रत्येक ठाण्यात एकच चर्चा होती: मास्तर शाळेत भाषण करायचा आणि मागून पुड्या पुरवायचा.

विभागीय चौकशी लागली. मास्तर कर्तव्यावर असताना गेला, की स्वतःच्या काळ्या धंद्यात गेला, एवढं एकच ठरवायचं होतं. पहिलं ठरलं तर पोलीस स्मृतिदिनाला शहिदांच्या यादीत त्याचं नाव वाचलं जाणार. दुसरं ठरलं तर मेलेल्या माणसावर एनडीपीएसचा, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचा, डाग कायमचा. चौकशी अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, "नोंद का नाही?"

मी म्हणालो, "कल्पना नाही, सर."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी बरेच खोटारडे पाहिले. ते खोटं बोलताना कसे दिसतात हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून त्या दिवशी घरी गेल्यावर मी आरशासमोर उभं राहायचं टाळलं. आपण खरा गुन्हेगार पकडू, सगळं आपोआप उलगडेल, मग माझ्या त्या हुकुमाचा विषयच निघणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मास्तरच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. ठाण्यात नव्वद माणसं, आलो आम्ही चौघं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दाराशी हात जोडून उभ्या होत्या. त्यांची मुलगी दहावीत होती. तिचं शाळेत जाणं बंद झालं होतं, कारण वर्गात कोणीतरी तिला पावडरवाल्याची पोरगी म्हटलं होतं.

आठव्या दिवशी खबर आली. डेंटिंगचं काम करणारा एक ओळखीचा माणूस फोनवर म्हणाला, "साहेब, एक पांढरी गाडी आली होती. हेडलाइट फुटलेला, बंपर आत गेलेला. मालक म्हने बिल नको, आन् नंबर प्लेटही बदलून दे. मले काही बरोबर नाही वाटलं. मी उद्या या म्हनलं, तर तो फिरकलाच नाही." मोटारीचा माग काढत आम्ही पारशिवनीकडच्या एका शेतावर पोचलो. स्थानिक पोलिसांना बरोबर घेतलं. गोठ्यामागं ताडपत्रीखाली मोटार होती आणि खाटेवर दुपारची झोप घेत मालक होता. रिंग रोडवरून उचललेले काचेचे तुकडे त्या हेडलाइटला बसले.

गडी तिशीचा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. धडक दिल्याचं त्यानं अर्ध्या तासात कबूल केलं. मी मनात म्हटलं, इतकं सोपं नसतं. आणि खरंच, पुढचं वाक्य त्यानं तयार ठेवलेलं होतं.

"तुमचा हवालदार माहा पार्टनर होता साहेब. हप्त्यात मालच घेत होता. त्या दिवशी जास्त मांगून राहिला होता, म्हनून आमचं वाजलं."

केबिनमध्ये दोन फौजदार होते. एकानं मान हलवली, जणू त्याला हे आधीच ठाऊक होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण चौकशीत राग आला की आरोपी जिंकतो. मी पाणी मागवलं, त्यालाही दिलं. खोटं बोलणाऱ्याला मोठे प्रश्न विचारायचे नसतात, त्यांची उत्तरं त्यानं पाठ केलेली असतात. बारीकसारीक विचारायचं.

"त्या दिवशी माल दिलास?"

"देल्ला ना."

"कशात दिलास?"

"पन्नीत."

"नुसत्या पन्नीत?"

"अजून कायच्यात देईन जी? ताटात वाढून?"

फौजदार हसला. मी हसलो नाही. माल डबीत होता आणि ह्या माणसाला डबी ठाऊकच नव्हती. मी वहिनींना डबीचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "हे आमच्या घरचं नाही. माह्या घरातलं चमचा-वाटी मले पाठ हाय."

मग डबी आली कुठून? दोन दिवस मी त्यावर डोकं खाजवत होतो. उत्तर दिलं ते मुद्देमाल खोलीत काम करणाऱ्या एका तरुण महिला शिपायानं. मी डबी पुन्हा पाहायला मागवली होती. तिनं ती टेबलावर ठेवण्याआधी सहज उलटी केली आणि म्हणाली, "सर, हे तर वाण आहे!"

"म्हणजे?"

"अहो सर, संक्रांतीचं वाण. हळदीकुंकवाला लुटतात ना. खाली नाव कोरलंय देणारीचं."

बुडाला बारीक अक्षरात खरंच एका बाईचं नाव कोरलेलं होतं, पुढं शहरातल्या महाल भागातल्या एका गल्लीचं नाव. पंचनामा मी स्वतः केला होता. दोन फौजदार, दोन पंच, सगळे बाप्ये. आम्ही लिहिलं होतं: एक स्टीलची गोल डबी, झाकणासह. प्रत्येकाच्या घरात फळीवर असल्या पाच-सहा डब्या असतील, पण त्यांच्या बुडाशी काय लिहिलेलं असतं हे आमच्यापैकी एकानंही कधी पाहिलं नव्हतं. माझ्या बायकोला रात्री हे सांगितलं तर ती म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली, तुम्हाला आपल्या घरातली साखर कुठं असते ते तरी माहीत आहे का?"

नाव कोरलेली बाई सहज सापडली. तिनं त्या संक्रांतीला चाळीसेक डब्या लुटल्या होत्या, आणि कोणाकोणाला दिल्या ते तिनं बोटं मोजत सांगितलं. आमची शिपाई साडी नेसून एकेका घरी गेली. कोणाच्या डबीत लवंगा होत्या, कोणाच्या गोळ्या, एकीच्या डबीत सुया. सगळ्यांनी हसत दाखवल्या. एक बाई मात्र, तिनं नीट विचारायच्या आधीच, "हरवली जी" म्हणाली.

त्या घरी मी साध्या कपड्यांत गेलो. नवरा साडीच्या दुकानात कामाला. त्याचे आजोबा-पणजोबा उमरेडचे, मागावर बसणारे. बाई घरी ब्लाऊज शिवायची. एकुलता मुलगा धरमपेठेतल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. बाईनं आधी कानावर हात ठेवले. मी फार खोदलं नाही. मास्तरच्या मुलीला शाळेत काय म्हणतात, एवढंच सांगितलं. तिनं शिलाई मशीनवर डोकं टेकवलं आणि ती रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. मुलाच्या कॉलेजात पालकसभा होती, तिथं मास्तर बोलला होता. सभा संपल्यावर ती गेटवर दोनदा त्याच्यासमोरून गेली, तिसऱ्यांदा थांबली. मुलगा जेवत नव्हता, रात्रभर जागायचा, दात खायचा, दाराला कडी लावायचा. "मले वाटलं अभ्यास करून राहिला," ती म्हणाली. मास्तरनं तिचं ऐकून घेतलं, नाव विचारलं नाही. पुढं मुलाच्या कपाटात पुडी सापडली. ती फेकायची हिंमत होईना आणि घरात ठेववेना. हाताला लागलेल्या डबीत टाकून तिनं ती त्या शुक्रवारी दुपारी मास्तरला नेऊन दिली. मुलाला दटावून तिनं एवढं काढून घेतलं होतं की पुडीवाला दर शुक्रवारी पाच वाजता रिंग रोडच्या टपरीवर येतो. मास्तर म्हणाला होता, "ताई, नुसता गाडीचा नंबर पाहून येतो. पोराचं नाव कुठंच येनार नाही." पुडीचा पंचनामा केला असता तर मुलगा आरोपी झाला असता, म्हणून त्यानं ती तशीच डिकीत ठेवली. पोलिसानं करू नये अशी चूक होती ती. त्यानं ती डोळे उघडे ठेवून केली.

मी म्हणालो, "ताई, हे तुम्हाला जबाबात सांगावं लागेल."

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्याईनं मले शब्द देल्ला होता. तुम्ही माह्या पोराचं नाव मांगून राहिले. तुम्ही काय देऊन राहिले साहेब?"

मी डबीचा फोटो खिशात ठेवला.

"आन् एक सांगा. एवढा शहाणा मानूस, त्यानं कुठंच लिहून काहून नाही ठेवलं, का मी ह्या कामाले चाललो म्हनून?"

शेजारी माझी शिपाई बसली होती. निदान तिच्यासमोर तरी मला गप्प बसता आलं असतं. पण का कोण जाणे, मी म्हणालो, "मी मनाई केली होती. मला लाज वाटत होती त्याच्या त्या कामाची."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो होतो. बाईनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाली, "मंग पहिले तुम्ही सांगा तिकडं. मंग मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर लेखी जबाब दिला. तपासणीच्या दिवशीचं झापणं, तो हुकूम, आणि "कल्पना नाही" हे खोटं, तिन्ही गोष्टी लिहून दिल्या. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, सेवापुस्तकात ताशेरा आला, आणि निवृत्तीच्या तोंडावर यायची ती बढती आली नाही. तक्रार नाही. त्या बाईनं दुसऱ्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. मुलगा स्वतःहून व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. जो उपचाराला स्वतः तयार होतो, त्याच्यासाठी कायद्यात वाट आहे, ती आम्ही त्याला मिळवून दिली.

मग मी डबी आरोपीसमोर ठेवली.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं.

"तू ज्यात माल दिलास ते."

तो डबीकडे पाहत राहिला. गालातला खर्रा चघळायचा थांबला. कोणाच्या घरातून आली ते मी सांगितलं नाही, फक्त त्या घरचा जबाब झाला आहे एवढं सांगितलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी त्या मानसाले वळखतही नव्हतो साहेब. तो गाडीमागं जाऊन नंबर पाहून राहिला होता. माही घाबरगुंडी उडाली." एवढंच होतं ते. भागीदारीही नाही, हप्ताही नाही. बाहेर आल्यावर, आधी मान हलवणारा तो फौजदार माझ्याशी नजर मिळवेना.

सहा महिन्यांनी आदेश आला: कर्तव्य बजावत असताना मृत्यू. ऑक्टोबरातल्या स्मृतिदिनाला मास्तरचं नाव वाचलं गेलं, बंदुका उलट्या झाल्या, बिगुल वाजला. मुलगी आईचा हात धरून ताठ उभी होती.

वर्ष झाल्यावर खात्यानं त्याच्या नावानं जनजागृतीचा मोठा कार्यक्रम ठरवला. वहिनींनी एकच अट घातली: पुड्यांचं टेबल नको. "त्याईले ते पटत नव्हतं." आणि बोलायला कोण, तर ती ब्लाऊज शिवणारी आई. मला वाटलं नव्हतं ती येईल. ती आली, माईक हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "ज्या पुडीपायी हवालदारसाहेबावर डाग लागला, ते पुडी माह्या घरची होती." तिनं भाषण केलं नाही. मुलाच्या वागण्यात काय काय बदललं आणि आपण प्रत्येक वेळी स्वतःची कशी समजूत घातली, तेवढं सांगितलं. माझ्या एवढ्या वर्षांच्या सगळ्या तक्त्यांत मिळून नसेल इतकं त्यात होतं.

माझी पाळी आली तेव्हा लिहून आणलेलं भाषण मी खिशातच ठेवलं. डायरीत नोंद का नव्हती ते सगळ्यांसमोर सांगितलं. वहिनींना ते माहीत नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्यापाशी आल्या.

"हे पहिल्या दिवशी सांगतले असते साहेब, तर माही पोरगी तेवढे दिवस शाळेत गेली असती."

"हो," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"चुकलं ना? मंग मले हार-फोटो नका देऊ. त्याईच्या जागेवर उभे राहा."

त्याला आता काही वर्षं झाली. मी उभा राहतो. सुरुवातीला कोणी येत नसे. साहेबासारखा उभा राहत होतो, हात मागं बांधून. वहिनींनीच एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "असे उभे राहाल तर कोन येईन?" मग मी हात सोडायला शिकलो. गुन्हेगाराकडून खरं काढून घ्यायचं कसब माझ्याकडे होतं. माणूस आपणहून बोलेपर्यंत गप्प बसणं वेगळं असतं, आणि तो धडा मला माझ्या हवालदाराकडून त्याच्या मरणानंतर घ्यावा लागला. आधी घेता आला असता. रोज समोर होता.

मागच्या महिन्यात धरमपेठेतल्या एका शाळेबाहेर उभा होतो. माझ्याच वयाचा एक गृहस्थ समोरून दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. आत त्यानं मास्तरची गोष्ट ऐकली असावी, पण अर्धवट.

"तुम्हीच का ते मास्तर?" त्यानं विचारलं. "नातवाबद्दल बोलायचं होतं."

मी म्हणालो, "मी त्यांच्या हाताखालचा. बोला."